कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीचे नाव, वर्णन आणि तिचे यजमान

आपला प्रश्न असा आहे : गोरेगाव पूर्वेला, आरेच्या बाजूस असलेल्या आपल्या घरातील कुत्र्याच्या कानातून काढलेल्या गोचिडी तपासायला दिल्या, तेव्हा अहवालात ‘ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस’ असे नाव आले, मात्र अलीकडच्या शास्त्रीय लेखनात भारतातील हीच गोचीड ‘ऱ्हिपिसेफॅलस लिनेई’ या नावाने दिसते. यातले बरोबर कोणते, ती नेमकी ओळखायची कशी, आणि जवळच्या तबेल्यातील म्हशी, घरातील मांजर, खिडकीवरची कबुतरे आणि घरातली माणसे यांपैकी कोणाकोणाचे रक्त ती पिते, हे आपल्याला हवे आहे.

आधी थोडक्यात सांगतो. मुंबईत कुत्र्याच्या अंगावर सापडणारी तपकिरी गोचीड ही बहुतेक वेळा आजच्या नामकरणानुसार ऱ्हिपिसेफॅलस लिनेई असते. अहवाल देणाऱ्याने चूक केली असे मी म्हणणार नाही, कारण दोनशे वर्षे जगभर ‘सँग्विनियस’ हेच नाव चालत आले आहे. त्याने नावापुढे ‘व्यापक अर्थाने’ (म्हणजे जवळच्या सर्व शाखा धरून) एवढे दोन शब्द जोडले असते तर अहवाल निर्दोष ठरला असता. यजमानांविषयी, म्हणजे ती ज्यांचे रक्त पिते त्या प्राण्यांविषयी, सांगायचे तर ही गोचीड कुत्र्याची आहे आणि बाकीचे सारे प्राणी तिच्यासाठी अडीअडचणीचे आहेत. ही दोन्ही विधाने एकमेकांवर अवलंबून आहेत, म्हणून नाव आणि यजमान यांचे उत्तर मी वेगवेगळे देत नाही.

असे म्हणण्यामागे माझी स्वतःची एक जुनी चूक आहे. परळला पशुवैद्यकाचे शिक्षण संपवून नमुने तपासायला लागलो त्या काळात, जंगलाच्या कडेला राहणाऱ्या एका कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडींची बाटली माझ्याकडे आली. चिठ्ठीवर ‘यजमान : कुत्रा’ असे लिहिलेले होते. मी भिंगाखाली वरवर पाहिले, रंग तपकिरी, डोके षटकोनी, आणि लगेच ‘सँग्विनियस’ लिहून मोकळा झालो. काही दिवसांनी माझ्या ज्येष्ठांनी त्यातलाच एक नर उलटा करून दाखवला, तेव्हा त्याच्या गुदद्वाराशेजारची कवचे विळ्यासारखी वाकलेली होती. ती गोचीड ऱ्हिपिसेफॅलस हिमॅफिसॅलॉइडिस होती. १८९७ मध्ये सुपिनो यांनी ब्रह्मदेशातून वर्णिलेली, आपल्याकडील जंगली भागांत गुरांवर, कुत्र्यांवर आणि वन्य प्राण्यांवर सर्रास सापडणारी. मी प्राणी पाहून गोचिडीचे नाव ठेवले होते. ही सवय पुष्कळांना असते, आणि जुन्या यजमान-याद्यांमधील निम्मा गोंधळ तिच्यातूनच आला आहे असे माझे मत आहे.

आता नावाकडे वळू. १८०६ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी ‘इक्सोडिस सँग्विनियस’ या नावाने एका गोचिडीचे वर्णन छापले. सँग्विनियस म्हणजे रक्तवर्णी. ते वर्णन अवघ्या काही शब्दांचे होते : रक्तासारखा रंग, पाठीवर बारीक टोचे, मागच्या बाजूला तीन खोलगट रेषा, आणि ठिकाण म्हणून फ्रान्स. आजच्या दृष्टीने पाहिले तर या वर्णनात डझनभर जाती सहज बसतील. १८४४ मध्ये कोख यांनी ऱ्हिपिसेफॅलस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), निर्माण केली (ग्रीक भाषेत पंखा आणि डोके या दोन शब्दांपासून हे नाव बनले आहे) आणि ही जात पुढे त्या प्रजातीत गेली. म्हणूनच शास्त्रीय ग्रंथांत तिच्यापुढे ‘(लात्रेय, १८०६)’ असे कंसात लिहितात; मूळ लेखकाने जात ज्या प्रजातीत ठेवली होती त्या प्रजातीतून ती नंतर हलवली गेली, एवढाच त्या कंसाचा अर्थ. विद्यार्थी हा कंस बिनदिक्कत गाळतात किंवा नको तिथे घालतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

खरी अडचण अशी होती की लात्रेय यांनी ज्या नमुन्यावरून वर्णन केले, तो नमुना उरलेला नव्हता. प्राण्याच्या नावाचा अर्थ अखेर एका जपून ठेवलेल्या नमुन्याला बांधलेला असतो. तो नमुना नसेल तर नाव वाऱ्यावर राहते आणि प्रत्येक जण आपल्याला हवी ती गोचीड त्याखाली घालतो. झालेही तसेच. भारतात मोहम्मद शरीफ यांनी १९२८ मध्ये इंडियन म्युझियमच्या संग्रहाच्या आधारे भारतीय कठीण-कवची गोचिडींचे मोठे पुनरीक्षण प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या पिढ्यांनी आपल्याकडील कुत्र्याची गोचीड निःशंकपणे सँग्विनियस म्हणूनच नोंदवली, आणि त्या वेळच्या साधनांनिशी दुसरे काही करणे शक्यही नव्हते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर मायटोकॉन्ड्रियातील जनुकांचे, विशेषतः १२-एस, १६-एस आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज यांचे, क्रम वाचले जाऊ लागले, तेव्हा जगभरची ‘कुत्र्याची तपकिरी गोचीड’ निदान दोन स्पष्ट शाखांत विभागलेली दिसली. एक समशीतोष्ण प्रदेशातली, एक उष्णकटिबंधातली. वार्षिक सरासरी तापमान साधारण २० अंश सेल्सियसच्या वर असलेल्या प्रदेशांत दुसरी शाखा, खाली असलेल्या प्रदेशांत पहिली, अशी ढोबळ विभागणी आढळली. मुंबईची वार्षिक सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. तेव्हा आपली गोचीड कोणत्या बाजूला पडते हे सांगायला नको, आणि भारतातून तपासलेले नमुनेही उष्णकटिबंधीय शाखेतच बसले आहेत.

मग प्रश्न आला की मूळ नाव कोणाचे. २०१८ मध्ये नावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील मोंपेलिए येथील नराला नवा प्रमाणनमुना, म्हणजे ज्याला निओटाइप म्हणतात तो, ठरवून सर्व परजीवी अवस्थांचे वर्णन नव्याने केले. त्यामुळे ‘सँग्विनियस’ हे नाव काटेकोर अर्थाने समशीतोष्ण शाखेला कायमचे चिकटले. उष्णकटिबंधीय शाखा नावावाचून राहिली. तिच्यासाठी नवे नाव बनवण्याआधी जुन्या नावांचा शोध घ्यावा लागतो, कारण नामकरणाच्या नियमांत अग्रक्रम जुन्या, वैध रीतीने प्रसिद्ध झालेल्या नावाला असतो. हा शोध इजिप्तपर्यंत गेला. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर गेलेल्या साविन्यी यांनी तेथील अष्टपाद जीवांची अत्यंत बारकाईने चित्रे करवून घेतली होती, परंतु डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना मजकूर पूर्ण करता आला नाही. तो ऑदुआँ यांनी लिहिला आणि त्यातल्या एका गोचिडीला लिनियसच्या नावावरून ‘लिनेई’ हे नाव दिले. ‘(ऑदुआँ, १८२६)’ हा उल्लेख तिथला आहे. श्लापेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उष्णकटिबंधीय शाखा म्हणजेच ही लिनेई असे दाखवले आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठीही निओटाइप ठरवून सविस्तर पुनर्वर्णन केले. एका माणसाची दृष्टी गेली आणि दुसऱ्याने त्याच्या चित्रांखाली मथळे लिहिले, त्यातून मुंबईच्या कुत्र्याच्या कानातल्या गोचिडीचे नाव निघावे, याची मला अजूनही गंमत वाटते.

आता वर्णन. गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातली आहे, आणि म्हणून निंफ (अळी आणि प्रौढ यांमधली अवस्था) व प्रौढ अवस्थेत तिला आठ पाय असतात, केवळ अळीला सहा. आपली गोचीड कठीण-कवची गोचिडींच्या इक्सोडिडी कुळातली. उपाशी प्रौढ गोचीड साधारण तीन मिलिमीटरची, एकरंगी तपकिरी, पाठीवर कसलीही नक्षी नसलेली. नराच्या संपूर्ण पाठीवर कवच असते, त्यामुळे तो रक्त पिऊनही फारसा फुगत नाही. मादीचे कवच फक्त पुढच्या भागावर असल्याने मागचा भाग ताणला जातो आणि ती एक सेंटिमीटरहून मोठी, करड्या-निळसर मण्यासारखी होते. पुष्कळ लोक हा मणी म्हणजे वेगळी जात समजतात. नर आणि फुगलेली मादी शेजारी शेजारी चिकटलेली असतात आणि घरातले लोक विचारतात, ‘डॉक्टर, दोन प्रकारच्या आहेत का हो?’ तसे नसते.

ओळखण्यासाठी किमान दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि थोडा धीर हवा. वरून पाहिल्यास तोंडाच्या अवयवांचे बूड षटकोनी दिसते, त्याचे दोन्ही बाजूंचे कोपरे टोकदार असतात. हे ऱ्हिपिसेफॅलस प्रजातीचे पहिले लक्षण. सोंडेशेजारची स्पर्शांगे आखूड आणि रुंद असतात. दातेरी सोंडेवर प्रौढांमध्ये मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दातांच्या तीन-तीन ओळी असतात. कवचाच्या कडांवर डोळे असतात. मागच्या कडेला कंगोरे असतात, अकरा; मादी फुगली की ते ताणले जाऊन नाहीसे होतात, म्हणून फुगलेल्या मादीवरून जात ठरवू नये. उलटी केल्यावर पहिल्या पायाच्या बुडाचे पेर खोलवर दुभंगलेले दिसते आणि गुदद्वाराभोवतीची खाच त्याच्या मागच्या बाजूने वळते. नराच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी आकाराची कवचे असतात आणि त्यांच्या बाहेर लहान जोडकवचे. श्वासछिद्राची पट्टी स्वल्पविरामासारखी असते. हिचेच शेपूट फार महत्त्वाचे आहे : ऱ्हिपिसेफॅलस टुरॅनिकस या जवळच्या जातीत नराच्या या पट्टीचे शेपूट शेजारच्या कंगोऱ्याइतके रुंद असते, तर सँग्विनियसमध्ये ते त्याहून अरुंद राहते. नाव ठरवायला नर सोईचा, असे मी नेहमी सांगतो, ते यामुळे. सँग्विनियस आणि लिनेई यांतले फरक मात्र इतके बारीक आहेत की नुसत्या भिंगावर विसंबून कोणी ठामपणे एकच नाव सांगत असेल, तर मी थोडा सावध होतो; तिथे जनुकक्रम लागतो, आणि तो नसेल तर भूगोल व हवामानाचा आधार घेऊन ‘व्यापक अर्थाने सँग्विनियस, उष्णकटिबंधीय शाखा’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते.

मुंबईत तिच्याशी गल्लत होऊ शकेल अशा तीन-चार गोचिडी आहेत आणि त्यांना बाजूला काढणे मात्र सोपे आहे. हिमॅफिसॅलिस प्रजातीत डोळे नसतात आणि स्पर्शांगांचे दुसरे पेर बाहेर कोपऱ्यासारखे आलेले असते. हायलोमाची तोंडाची सोंड लांब आणि पायांवर फिकट पट्टे असतात. गुरांची ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, जिला आपण जुन्या पुस्तकांत बूफिलस म्हणून शिकलो, तिला कंगोरे नसतात आणि स्पर्शांगे फारच आखूड असतात. हिमॅफिसॅलॉइडिसच्या नराच्या विळ्याचा उल्लेख वर आलाच आहे, तो मी आता विसरत नाही.

यजमानांच्या प्रश्नाला येथून अर्थ येतो. लिनेई ही तीन यजमानांची गोचीड आहे. या शब्दप्रयोगाने फसगत होते, म्हणून सांगतो की याचा अर्थ तीन जातींचे प्राणी असा नाही. अळी एका प्राण्यावर रक्त पिते आणि खाली उतरून कात टाकते, निंफ पुन्हा कोणावर तरी चढते, रक्त पिते आणि उतरते, आणि प्रौढ तिसऱ्यांदा चढते. प्रत्येक वेळी नवा यजमान शोधावा लागतो. ऱ्हिपिसेफॅलसच्या अनेक जातींमध्ये पिल्ले उंदीर-चिचुंद्र्यांवर आणि प्रौढ मोठ्या प्राण्यांवर वाढतात. आपल्या गोचिडीचे वैशिष्ट्य असे की तिन्ही वेळा तिला कुत्राच चालतो आणि शहरात तीच सोय आहे : एकाच घरात, एकाच गादीवर, एकच कुत्रा तीनदा मिळतो. अळी सुमारे ३ ते १० दिवस, निंफ साधारण तेवढेच, आणि मादी ५ ते २१ दिवस रक्त पिते. नंतर मादी उतरते आणि एखाद्या भेगेत साधारण दीड ते चार हजार अंडी एकदाच घालून मरते. उष्ण हवेत हे सारे चक्र दोन ते तीन महिन्यांत पूर्ण होऊ शकते, आणि मुंबईत थंडी अशी येतच नसल्याने ते बारा महिने चालू राहते.

उतरलेल्या गोचिडी वर चढतात. बाल्कनीचा कोपरा, दाराच्या चौकटीची फट, पडद्याची शिवण, जुन्या चाळीत तर छताच्या तुळया. त्यामुळे कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी काढून टाकल्या, म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही. एकूण संख्येतला मोठा भाग कोणत्याही क्षणी भिंतीत असतो. हा उपचाराचा विषय आहे, पण यजमानांच्या चर्चेतही तो हवा, कारण घराच्या भिंतीला राहण्याचे ठिकाण आणि कुत्र्याला अन्न मानणारा हा जीव आहे.

आता आपण विचारलेले एकेक प्राणी घेऊ. तबेल्यातील म्हशींवर आपल्याला मिळतील त्या गोचिडी मुख्यतः मायक्रोप्लस आणि हायलोमा ॲनाटोलिकम. मायक्रोप्लस ही एका यजमानाची गोचीड आहे. अळी म्हणून चढली की प्रौढ होईपर्यंत त्याच जनावरावर राहते, मग ती आपल्या कुत्र्याकडे येणार कशी? कुत्रा तबेल्यात हिंडून आला तर एखादी चिकटू शकते, परंतु कानात, बोटांच्या फटीत आणि मानेवर डझनाने चिकटलेल्या असतील तर त्या म्हशींच्या नव्हेत. आरोप बहुधा तबेल्यावर येतो. खरे कारण बरेचदा जिन्याखाली झोपणाऱ्या कुत्र्यांत आणि आपल्याच पायपुसण्याखाली असते.

मांजरावर ती क्वचित सापडते, आणि मांजर स्वतःला चाटून बऱ्याच गोचिडी काढून टाकते. येथे एक सावधगिरी लिहून ठेवतो, कारण ती प्राणावर बेतते : कुत्र्यासाठी असलेली परमेथ्रिनयुक्त औषधे मांजराला अजिबात लावू नयेत. कबुतरांवरच्या गोचिडी निराळ्या, मऊ-कवची आर्गास गटातल्या. त्या कुत्र्याच्या गोचिडीशी दूरच्या नात्याने जोडलेल्या असल्या तरी कुळच वेगळे आहे. उंदीर, घुशी, ससे यांच्या नावाने जुन्या याद्यांत बऱ्याच नोंदी आहेत, परंतु त्या वाचताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, ती गोचीड खरोखर हीच होती का, कारण टुरॅनिकस आणि इतर जाती वेगळ्या काढल्या जाण्यापूर्वीच्या नोंदी मिसळलेल्या आहेत. दुसरी, ती त्या प्राण्यावर रक्त पिऊन फुगलेली होती की नुसती अंगावर चालत होती. चालत असलेल्या गोचिडीवरून यजमान ठरवणे म्हणजे लोकलच्या डब्यात एकत्र सापडलेल्या दोघांना नातेवाईक ठरवण्यासारखे आहे.

माणसाला ती चावते का? चावते, पण नाइलाजाने. कुत्रा घरात नाहीसा झाला, घर बंद राहिले, किंवा गोचिडींची संख्या फार वाढली, म्हणजे अळ्या आणि निंफ माणसाकडे वळतात. उष्णतेचाही परिणाम दिसतो. प्रयोगशाळेत ४० अंशांना ठेवलेल्या गोचिडी २५ अंशांच्या तुलनेत माणसाला अधिक चिकटल्या, असे फ्रान्समधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. एप्रिल-मे महिन्यांतल्या तक्रारी मी म्हणूनच गांभीर्याने घेतो. चावा घेतल्यावर आठवडाभरात किंवा त्यानंतर ताप, डोकेदुखी आणि अंगावर पुरळ आल्यास डॉक्टरांना गोचिडीचा उल्लेख न विसरता करावा, कारण रिकेट्सिया कोनोरायमुळे होणारा ताप, जो आपल्याकडे इंडियन टिक टायफस म्हणून ओळखला जातो, तो या गोचिडीशी जोडलेला आहे आणि त्यावर वेळेत दिलेले औषध लागू पडते. सिंधुदुर्गातील माकडतापाचा मात्र या गोचिडीशी संबंध नाही. तो हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा या जंगली गोचिडीमुळे पसरतो. घरच्या कुत्र्याच्या गोचिडीने माकडताप होईल अशी भीती लोक मला फोनवर बोलून दाखवतात. ती भीती अस्थानी आहे.

कुत्र्याच्या दृष्टीने नावाचा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही, हे येथे दिसते. अर्लिकिया कॅनिस हा पांढऱ्या पेशींमध्ये राहणारा जंतू उष्णकटिबंधीय शाखेची गोचीड सहज पसरवते, आणि प्रयोगात समशीतोष्ण शाखेच्या गोचिडींना तसे पसरवता आलेले नाही. म्हणजे युरोपातील एखाद्या पुस्तकात ‘सँग्विनियस’खाली दिलेली धोक्याची पातळी जशीच्या तशी मुंबईला लावता येत नाही. बॅबेसिया व्होगेलीही हीच गोचीड पसरवते आणि तो जंतू मादीकडून अंड्यांत जातो. हिपॅटोझून कॅनिसची तऱ्हा निराळी : तो चाव्यातून नव्हे, तर कुत्र्याने अंग चावताना गोचीड गिळली तर शरीरात जातो. बॅबेसिया गिब्सोनी, जी पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पाहिली, तिच्यासाठी हिमॅफिसॅलिस गटाच्या गोचिडी महत्त्वाच्या मानल्या जातात. एकाच कुत्र्याच्या अंगावर दोन गोचिडी असतील तर अहवालात एकच नाव लिहून चालत नाही, ते याचसाठी.

आपल्या घरी पुन्हा गोचिडी मिळाल्या तर कृपया त्यांना पेटवू नका, रॉकेलमध्ये टाकू नका आणि बोटांनी चिरडू नका. बारीक चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, म्हणजे सोंड तुटणार नाही, आणि त्यातले काही नर व काही फुगलेल्या माद्या लहान बाटलीत ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. जनुकक्रम तपासायचा असेल तर त्याऐवजी ९५ टक्के अल्कोहोल वापरा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. तारीख, परिसर, कुत्र्याच्या शरीराचा भाग, आणि गोचीड चिकटलेली होती की चालत होती, हे चार उल्लेख त्यावर असू द्या. भिंतीवर सापडलेल्या गोचिडी दुसऱ्या बाटलीत ठेवा आणि तिच्या चिठ्ठीवर यजमानाच्या रकान्यात ‘कुत्रा’ न लिहिता ‘भिंत’ असे लिहा.